बॅकस्टेजला पहिल्यांदा जाताय? कामाची शिस्त अशी अंगी लावा

नाटकाच्या बॅकस्टेजला काम करू इच्छिणारी मुलंमुली आता बरीच भेटतात. कुणी पुरुषोत्तम करंडकातून आलेलं असतं, कुणी राज्य नाट्य स्पर्धेतून, कुणी नाट्यशास्त्राचं शिक्षण घेऊन, तर कुणाचा मामा आधीपासूनच नाटकाच्या टेम्पोवर असतो. फ्लॅट, म्हणजे सेटची भिंत, कसा उभा करायचा, लाइट कसा जोडायचा हे कुणीही हाताला धरून शिकवतं. वागायचं कसं हे मात्र कुणी बसवून सांगत नाही. चुकलं की ओरडा बसतो आणि त्या ओरड्यातून जे कळेल तेवढंच कळतं. हा लेख तो ओरडा बसण्याआधी वाचावा म्हणून लिहिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. अंधारात, न बघता आणि न विचारता दुसऱ्याला तुमच्या कामावर भरवसा टाकता यावा, यासाठी बॅकस्टेजची सगळी शिस्त असते. संवाद म्हणत जिना उतरणारा नट पायऱ्यांकडे बघत नाही. खालची लेव्हल, म्हणजे सेटमधला चौथरा, हलणार नाही असं त्याने धरलेलंच असतं, कारण ती तुम्ही लावलेली असते. पुढचे सगळे नियम यातूनच निघतात. एखादा विसरलात तर हे आठवा, नियम आपोआप सुचेल.

जाण्याआधी विचारून घ्या

ज्यांनी बोलावलं त्यांना चार गोष्टी आधीच विचारा. कुठल्या नाट्यगृहात, किती वाजता, कुणाला भेटायचं आणि माझं काम नेमकं काय. व्यावसायिक नाटकात सहसा सूत्रधार किंवा व्यवस्थापक आणि रंगमंच व्यवस्था बघणारा माणूस, म्हणजे रंगमंच व्यवस्थापक, वेगवेगळे असतात. पैसे, गाडी, जेवण याचं पहिल्याशी बोलायचं. रंगमंचावर काय कुठे ठेवायचं हे दुसऱ्याला विचारायचं. दोघांची कामं एकमेकांत मिसळली की नवा माणूस हमखास दोघांच्या मधे सापडतो.

संहिता मिळाली तर वाचाच. मिळाली नाही तर पहिला प्रयोग समोरून, प्रेक्षकांत बसून बघू द्या अशी विनंती करा. बहुतेक ठिकाणी आनंदाने बसवतात. समोरून पाहिलेलं नाटक विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाला उभं असताना, फार उपयोगी पडतं, कारण कुठली शांतता नटाने मुद्दाम घेतली आहे आणि कुठे तो खरंच अडकला आहे हे त्यानंतरच ओळखू येतं.

कपडे काळे, बाह्या पूर्ण, अंगावर चमकणारं काहीही नको. घड्याळाची काच, बांगड्या, किणकिणणारा किल्ल्यांचा जुडगा घरी किंवा पिशवीत ठेवा. खिशात लहान टॉर्च असावी आणि तिच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाचा तुकडा लावलेला असावा. लाल उजेडात डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही. काळी चिकटपट्टी, कटर, पेन्सिल आणि एक छोटी वही एवढं पुरे. अत्तर किंवा उग्र वासाचा स्प्रे मारून येऊ नका. विंगेत माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात आणि एखाद्या गाणाऱ्या नटाला त्या वासाने खोकला येऊ शकतो.

टेम्पोपासून काम सुरू होतं

आपल्याकडच्या नाट्यगृहांत एका दिवसात दोन-तीन सत्रं लागतात आणि प्रत्येक सत्रात संस्था वेगळी असते. दुपारी साडेचारचा प्रयोग सात-सव्वासातला सुटतो आणि रात्रीचा साडेआठला उघडायचा असतो. मधल्या सव्वा-दीड तासात एक सेट बाहेर जातो, दुसरा आत येतो, लाइट फिरतात, आवाज तपासला जातो आणि प्रेक्षकही आत बसतात. बाहेरच्यांना ही धावपळ वाटते. तिला स्वतःची एक रीत असते, आणि ती मोडणारा सगळ्यांचाच वेळ खातो.

पहिली रीत अशी की आधीच्या संस्थेचं सामान निघेपर्यंत आपलं सामान दारात लावायचं नाही. टेम्पो आला तरी थांबायचं. त्यांना मदत लागली तर हात द्यायचा. उद्या दुसऱ्या गावात तीच माणसं तुमच्या मागे रांगेत असतील. त्यांची वस्तू चुकून आपल्यात आली तर लगेच परत करा. एखादी गादी किंवा वायरचं वेटोळं दुसऱ्याच्या टेम्पोत गेलं की रात्री बारा वाजता फोन सुरू होतात.

सामान उचलताना आपल्या ताकदीचं प्रदर्शन नको. दोघांचं ओझं दोघांनीच उचलावं. गुडघे वाकवून उचला, पाठ वाकवून नको. अनेक जुन्या रंगमंच कामगारांच्या कंबरा चाळिशीतच का गेल्या हे त्यांच्याकडूनच ऐका. उचलण्याआधी कुठे न्यायचं आणि कुठल्या बाजूने ठेवायचं हे बोलून घ्यायचं. मधेच "अरे, इकडे नाही, तिकडे" झालं की कुणाचं तरी बोट चेंगरतं.

सेट लागताना

इथे सगळ्यात जास्त इजा होतात, म्हणून थोडं सविस्तर.

शिडीवर कुणी असेल तर खाली एकाने शिडी धरून उभं राहायचं, आणि धरणाऱ्याने मोबाइल बघायचा नाही. वर जाणाऱ्याची हत्यारं सुतळीने मनगटाला किंवा पट्ट्याला बांधलेली हवीत. दिव्याला क्लॅम्प असला तरी सेफ्टी चेन लागल्याशिवाय हात सोडायचा नाही. हजार वॉटचा ‘पार’ दिवा तापलेला असतो, उघड्या हाताने त्याला शिवू नका. हॅलोजनची नवी नळी बसवतानाही बोटं काचेला लागू देऊ नका. त्वचेचं तेल काचेवर राहतं, तिथे काच जास्त तापते आणि नळी लवकर जाते. एका सॉकेटवर किती भार टाकायचा हे लाइटवाल्याने ठरवायचं. 230 व्होल्टवर हजार वॉटचा एक दिवा चार अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह ओढतो, त्यामुळे पंधरा अँपिअरच्या पिनवर असे चार दिवे म्हणजे कडेलोट. हिशेब येत नसेल तर विचारा. न विचारता पिन खुपसू नका.

वर काम चालू असताना खालून जाणाऱ्याने आवाज देऊन जायचं. वरच्याच्या हातून काही सुटलं तर "खाली सांभाळा" एवढंच, मोठ्याने ओरडायचं. पूर्ण प्रयोगात तुम्ही मोठ्याने ओरडावं असा हा एकमेव प्रसंग. हा आवाज आला की वर बघायचं नाही. डोकं हातांखाली घ्यायचं आणि जागेवरून बाजूला व्हायचं.

चपलांचा प्रश्न प्रत्येक नव्या माणसाला पडतो. रंगमंचावर चप्पल घालून चढू नये ही आपल्याकडची रीत आहे आणि ती मनापासून पाळणारी माणसं आहेत. दुसरीकडे, उघड्या पायांनी सेट लावताना खिळा घुसतो, स्क्रू टोचतात, फ्लॅट अंगठ्यावर पडतो. मला पटलेला मार्ग असा: बंद, रबरी तळाच्या काळ्या बुटांची एक जोडी फक्त रंगमंचासाठी ठेवायची आणि ती बाहेर रस्त्यावर घालायची नाही. सेट लावताना आणि प्रयोगात ती पायात असावी. नटराजाच्या पूजेला, नारळ वाढवताना ती काढून सगळ्यांसोबत उभं राहायचं. बहुतेक ज्येष्ठ या वागण्याचा मान राखतात. तरीही पहिल्या दिवशी "काका, हे बूट चालतील ना?" असं विचारून घ्या. पूजेत हात जोडायचे की नाहीत हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण त्या दोन मिनिटांत कुणी फोनवर बोलत असेल तर ते सगळ्यांनाच टोचतं.

सेट लागला की आणखी एक काम आपण होऊन करा. बाहेर पडायचे सगळे दरवाजे उघडतात का ते बघा, आणि अग्निशमन सिलिंडर कुठे आहेत तेही पाहून ठेवा. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात 1915 मध्ये उभं राहिलेलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत सापडलं. नाट्यगृहात लाकूड, कापड, रंग आणि वायरी एका छपराखाली असतात. म्हणून मागच्या दारासमोर रिकाम्या पेट्या रचायच्या नाहीत, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. विंगेत बिडी-सिगारेट तर अजिबात नको. प्रेक्षागृह सार्वजनिक जागा आहे, तिथे धूम्रपानाला कायद्याने बंदी आहे. नाटकात पात्रच सिगारेट ओढत असेल तर विंगेत वाळूची बादली आणि ती विझवून घेणारा ठरलेला माणूस हवा. तंबाखू खाऊन विंगेच्या कोपऱ्यात थुंकणाऱ्याला कितीही अनुभव असला तरी त्याला टोकावं असं माझं मत आहे. रंगमंच झाडणारी मावशीही आपल्याच कंपूतली असते.

प्रॉपर्टीचं टेबल

नव्या माणसाकडे बहुधा प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तू, सोपवतात. ते सोपं काम आहे असं समजून सोपवतात, पण शिस्त शिकायची असेल तर याहून चांगली जागा नाही.

विंगेत एक टेबल घ्या. त्यावर पांढरा कागद चिकटवा. प्रत्येक वस्तू तिच्या जागी ठेवून पेन्सिलने तिच्याभोवती रेघ मारा आणि आत नाव लिहा: पत्र, अंक पहिला, आईच्या हातात. चष्मा. किल्ली. दुधाची पिशवी. आता टेबलाकडे एक नजर टाकली की रिकामी चौकट लगेच दिसते आणि कुठली वस्तू कुठे आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. तुम्ही अचानक आजारी पडलात तरी दुसरा माणूस त्या कागदावरून प्रयोग निभावून नेतो. दोन्ही विंगांमधून वस्तू जात असतील तर दोन टेबलं, दोन कागद.

टेबलावर दुसरं काहीही ठेवायचं नाही. चहाचा कप नाही, मोबाइल नाही, नटाची पर्सही नाही. "दोन मिनिटं ठेवतो" असं कुणी कितीही प्रेमाने म्हटलं तरी हसून नाही म्हणा आणि त्यांच्या वस्तूसाठी वेगळी जागा दाखवा. तसंच, ज्या वस्तूची जबाबदारी तुमची नाही तिला हात लावायचा नाही. वाकडी ठेवलेली दिसली तरी सरळ करू नका, ज्याची आहे त्याला सांगा. कदाचित ती वाकडीच ठेवायची असेल, कारण नट ती न बघता डाव्या हाताने उचलतो.

तपासणी तीनदा: टेबल लावल्यावर, पहिल्या घंटेआधी आणि मध्यंतरात. नुसतं बघून टिक करू नका, वस्तू वापरून बघा. काडेपेटी उघडा, काड्या कोरड्या आहेत का आणि दोन-चार जास्त आहेत का ते पाहा. पेन उमटतं का? छत्री उघडते का? बॅग जेवढी जड वाटायला हवी तेवढी जड आहे का? पत्रावर खरंच मजकूर लिहिलेला असावा. नट रोज कोऱ्या कागदाकडे बघून वाचत असतो, पण एखाद्या रात्री तो संवाद विसरतो आणि तुमचा कागद त्याला वाचवतो.

खाण्यापिण्याची प्रॉपर्टी म्हणजे स्वयंपाकघरच. भांडी धुतलेली, पाणी ताजं, पदार्थ त्याच दिवशीचा. दारूच्या ग्लासात कोरा चहा गाळून भरत असाल तर तो साखरेचा की बिनसाखरेचा, गरम की गार, हे त्या नटाला विचारा. कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाला दूध, हेही वहीत टिपून ठेवा. आणि टेबलावरचा लाडू तुमच्यासाठी नसतो, प्रयोग संपल्यावरसुद्धा विचारल्याशिवाय नाही.

नकली पिस्तूल, सुरा, कोयता वापरून झाला की कुलपात ठेवा. सुरा बोथट आहे हे रोज बोट फिरवून बघा. या वस्तू गमतीत कुणावर रोखायच्या नाहीत आणि नाट्यगृहाबाहेर उघड्यावर न्यायच्या नाहीत.

घंटा

पहिली घंटा झाली की रंगमंचावर ठोकाठोक बंद. दुसरीला ज्याने त्याने आपल्या जागी असावं. तिसरीनंतर जागा सोडायची नाही. या तीन घंटांमधली मिनिटं नाट्यगृहानुसार आणि संस्थेनुसार बदलतात, म्हणून ती तिथल्या माणसाकडून समजून घ्या. रंगपटात जाऊन नटांना वेळ सांगायचं काम तुमच्याकडे असेल तर दारावर टकटक करा, "ताई, दुसरी झाली" एवढंच म्हणा आणि समोरून "हो" आल्याशिवाय हलू नका. उत्तर मिळालं नाही म्हणजे निरोप पोचला नाही.

या वेळात नटाशी गप्पा मारू नका. समोर कोण बसलंय, बुकिंग किती झालंय, कुणी समीक्षक आलेत का, हे त्याला सांगायचं नाही. त्याच्या घरून काही वाईट निरोप आला असेल तर तो व्यवस्थापकाला द्या. कधी सांगायचं ते त्यांनी ठरवायचं. कालचा सीन कसा वाटला हे नटाने विचारलं तरी "छान" एवढंच म्हणा. सूचना देणं दिग्दर्शकाचं काम.

पडदा उघडल्यावर

विंगेत एक साधा नियम आहे. तुम्हाला प्रेक्षक दिसत असेल तर त्यालाही तुम्ही दिसता. नाटक बघायच्या मोहात नवी माणसं हळूहळू पुढे सरकतात. जमिनीवर चिकटपट्टीची रेघ मारून घ्या आणि तिच्या मागे राहा. उभं राहताना एन्ट्रीची वाट मोकळी ठेवा. नट घाईत बाहेर येतो तेव्हा तो लख्ख उजेडातून काळोखात आलेला असतो, त्याला तुम्ही दिसत नाही. बाजूला होणं तुमच्याकडे.

मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, नुसता सायलेंटवर नको. लाकडी फळ्यांवर ठेवलेल्या फोनची थरथर पहिल्या रांगेपर्यंत ऐकू येते, आणि स्क्रीनचा निळसर उजेड विंगेच्या काळ्या कापडावर पडला की बाजूच्या खुर्च्यांवरून स्पष्ट दिसतो. कुजबुजसुद्धा ऐकू जाते, विशेषतः स, श, च हे उच्चार. बोलायचंच असेल तर कुजबुजू नका, अगदी हलक्या पण घशातल्या आवाजात बोला, आणि त्याआधी खुणेने होतंय का ते बघा. तालमीतच खुणा ठरवून घ्या.

लाइट आणि संगीताचे क्यू, म्हणजे ठरलेल्या क्षणाचे इशारे, देताना एकच शब्द ठरलेला असतो. बहुतेक ठिकाणी आधी "तयार" आणि मग "गो". ज्या शब्दाने क्यू जातो तो शब्द हेडफोनवर किंवा ऑपरेटरच्या जवळ दुसऱ्या कुठल्याही वाक्यात वापरायचा नाही. हसत-खेळत कुणी तो म्हटला आणि ऑपरेटरने बटण दाबलं तर चूक ऑपरेटरची नसते.

पटकन कपडे बदलायचे असतील तर विंगेतच आडोसा करतात. तिथे फक्त नेमलेली व्यक्ती थांबेल. बाकीच्यांनी पाठ फिरवायची आणि तिथून जायचं नाही. कपडेपट बघणाऱ्याने कुठलं बटण आधी, कुठला हात आधी हे नटासोबत उजेडात दोनदा करून बघावं. त्या वेळी नटाला कुठे स्पर्श होणार आहे ते आधी सांगावं. रंगपटात किंवा विंगेत कुणाचेही फोटो, रील नाहीत. पात्राच्या वेशातला फोटो हवा असेल तर निर्मात्याची आणि त्या नटाची परवानगी घ्या.

ब्लॅकआऊट

दिवे घालवून अंधारात सेट बदलायचा असतो तो ब्लॅकआऊट. नव्या माणसाची खरी कसोटी इथे लागते.

अंधारात काम बसवायचं असेल तर ते आधी उजेडात बसवा. कोण कुठून येणार, हातात काय आणणार, काय घेऊन जाणार, कुठल्या वाटेने परत फिरणार, हे प्रत्येकाचं ठरलेलं हवं आणि रोज तसंच व्हायला हवं. उजेडात चालून बघा, मग अर्ध्या उजेडात, मग पूर्ण काळोखात. रंगीत तालमीला वेळ कमी असेल तर दिग्दर्शकाकडे हट्ट धरा. हा हट्ट तुमच्या हक्काचा आहे. सगळ्यात मोठं फर्निचर उचलणारे आधी जातील, लहान वस्तूवाले नंतर. एकाच बाजूने आत आणि त्याच बाजूने बाहेर. दोघांच्या वाटा एकमेकांना छेदत असतील तर रंगमंच व्यवस्थापकाला सांगून त्या बदलून घ्या, "आपण सांभाळून जाऊ" यावर ठेवू नका.

फर्निचरच्या पायांच्या जागी जमिनीवर रेडियम पट्टीचे बारीक तुकडे असतात. प्रत्येक अंकासाठी वेगळी खूण असेल तर गोंधळ होत नाही. प्रयोगाआधी त्या पट्ट्यांवर उजेड पडला पाहिजे, नाहीतर त्या चमकणारच नाहीत. लेव्हलच्या कडांना आणि पायऱ्यांच्या टोकांनाही त्या हव्यात.

ब्लॅकआऊटच्या थोडं आधी दिव्यांकडे बघणं थांबवा. शेवटच्या वाक्याला डोळे मिटून घेतलेत तर उघडल्यावर अंधार थोडा कमी वाटतो. अंधार झाल्याबरोबर धावू नका, एक श्वास थांबा. नट आधी बाहेर पडतो, मग तुम्ही आत जाता. कुठल्या नटाचा हात धरून त्याला बाहेर आणायचं असेल तर तेही आधी ठरलेलं हवं. काळोखात अचानक खांद्याला हात लागला की माणूस दचकतो.

काम झालं की सगळे बाहेर आले आहेत हे एकच माणूस बघतो आणि तोच खूण देतो. त्याच्या लाल टॉर्चची खूण मिळाल्याशिवाय दिवे यायचे नाहीत. तुम्ही आत अडकलात तर जवळच्या सोफ्याच्या किंवा फ्लॅटच्या मागे खाली बसा आणि पुढच्या ब्लॅकआऊटपर्यंत हलू नका. उजेड आल्यावर पळणारा माणूस अख्ख्या प्रेक्षागृहाला दिसतो. निमूट बसलेला बहुतेक वेळा कुणालाच दिसत नाही.

बिघडलं तर

वस्तू सापडत नसेल, दाराची कडी निघाली असेल, ग्लास फुटला असेल, तर लगेच रंगमंच व्यवस्थापकाला सांगा. तीन गोष्टी सांगा: काय झालं, कुठे झालं, किती वेळात नटाची गाठ तिथे पडणार आहे. कुणामुळे झालं हे त्या वेळी कुणालाही नको असतं. फुटलेली काच रंगमंचावर राहिली असेल आणि पुढच्या प्रवेशात कुणी अनवाणी येणार असेल, तर त्या नटाला एन्ट्रीआधी जागा सांगितलीच पाहिजे. लपवलेली चूक दुसऱ्याच्या पायात जाते.

चर्चा प्रयोगानंतर, मध्यंतरात नको. मध्यंतरात नटांना उत्तरार्ध करायचा असतो आणि तुम्हाला सेट बदलायचा असतो. बटाटेवडा खायचा तर रंगमंचापासून लांब, हात धुऊन परत यायचं. तेलकट बोटांची छाप कपड्यावर पडली की ती दिव्याखाली उठून दिसते.

माणसांशी वागणं

आपल्याकडे ज्येष्ठांना काका, दादा, ताई, सर म्हणायची पद्धत आहे. ती पाळा. पडदा ओढणाऱ्यापासून प्रमुख नटापर्यंत सगळ्यांना ती सारखीच लागू आहे. नाट्यगृहाच्या विजेच्या खोलीत बसणारा कर्मचारी, पार्किंगवाला, स्वच्छता करणाऱ्या बाया यांची नावं शिकून घ्या. शिकलेली मुलं रंगमंच कामगाराशी "ए, जरा उचल" अशा सुरात बोलताना मी ऐकतो आणि मला मनापासून त्रास होतो. अनेक संचांत सेट कसा बांधायचा हे त्या माणसाला नेपथ्यकाराच्या आराखड्याइतकंच नीट माहीत असतं.

आता दुसरी बाजू. तुम्हाला कुणी आईबहिणीवरून शिव्या देत असेल, हात उगारत असेल, जातीवरून किंवा दिसण्यावरून बोलत असेल, तर ती शिस्त नाही. "आम्ही पण असंच शिकलो" हे कारण चालत नाही. घाबरलेला माणूस चूक लपवतो, आणि लपवलेली चूक काय करते ते वर लिहिलंच आहे. कामाच्या वेळी एकदा "सूचना सांगा, मी करतो" एवढंच शांतपणे म्हणा, आणि प्रयोगानंतर व्यवस्थापकाशी बोला.

मुलींनी आणि स्त्रियांनी हे नीट समजून घ्यावं, आणि मुलांनीही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 चा आहे. तो पगारी, रोजंदारीवरच्या, शिकाऊ आणि बिनपैशाने काम करणाऱ्या स्त्रियांनाही लागू होतो. कामासाठी संस्थेने दिलेलं वाहन, म्हणजे दौऱ्याची बससुद्धा, कामाचं ठिकाण धरलं जातं. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. त्याहून लहान संस्था असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते, आणि उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तारीख, वेळ, जागा आणि तिथे कोण होतं हे त्याच रात्री लिहून ठेवा. मैत्रिणीने असं काही सांगितलं तर "जाऊ दे, मोठा माणूस आहे" असं म्हणू नका.

नाटकात लहान मुलं असतील तर त्यांच्यासोबत त्यांचं पालक किंवा नेमलेली व्यक्ती सतत असावी. बंद खोलीत मुलाबरोबर एकट्याने थांबायचं नाही, कपडे बदलायला तर नाहीच.

दारू पिऊन किंवा झोप न झालेल्या अवस्थेत शिडीवर चढायचं नाही. आपण त्या अवस्थेत असू तर सांगून खालचं काम मागून घ्या. दुसरा कुणी तसा दिसला तर त्याला वर जाऊ देऊ नका, तो वयाने मोठा असला तरी.

प्रयोग सुटल्यावर

टाळ्या संपल्या की सगळ्यांना घरी जायची घाई होते आणि सामान तेव्हाच हरवतं. आधी प्रॉपर्टीचा कागद काढा आणि वस्तू पेटीत जाताना एकेकीवर खूण करा. नाजूक वस्तू, कपडे, वायरी, मग सेट. दिवे गार होईपर्यंत उतरवू नका. वायर कोपरावर गुंडाळू नका, तिच्या मूळच्या वळणाने वेटोळं करा, नाहीतर आतल्या तारा तुटतात. पुढच्या मुक्कामी जे आधी लागणार ते टेम्पोत शेवटी चढवा.

मोडलेलं, फाटलेलं, संपलेलं त्याच रात्री वहीत लिहा आणि व्यवस्थापकाला दाखवा. सकाळी लक्षात राहत नाही. रंगमंच झाडून द्या. तुमच्या जागी आलेल्या पुढच्या संस्थेला तुमचा एकही खिळा सापडू नये.

दौरा आणि पाकीट

दौऱ्यात बस सुटायची वेळ म्हणजे बसमध्ये बसून झालेली वेळ. रात्री ड्रायव्हरच्या शेजारी कुणीतरी जागं राहावं. पाळी लावून घ्या. मुक्कामी खोल्या कशा वाटल्या आहेत हे निघण्याआधी विचारणं अजिबात गैर नाही. रात्री एक वाजता शहरात परतल्यावर कोण कसं घरी जाणार, विशेषतः लांब राहणाऱ्या मुली, हे बसमध्येच ठरवा.

पैशांबद्दल लाजू नका. बॅकस्टेजचं मानधन बहुधा प्रयोगामागे म्हणजे नाइटवर ठरतं. नाइट किती, ती त्याच रात्री पाकिटातून मिळणार की महिन्याला, दौऱ्याचा भत्ता वेगळा का, जेवण कुणाकडे आणि प्रयोग आयत्या वेळी रद्द झाला तर काय, हे काम घेतानाच विचारा आणि व्यवस्थापकाला मेसेज करून ठेवा: "दादा, आपलं असं ठरलं आहे." उत्तरात नुसतं "हो" आलं तरी चालतं. स्वतःच्या वहीत प्रत्येक प्रयोगाची तारीख, नाटक, नाट्यगृह, सत्र आणि मिळालेली रक्कम लिहा. बाकी राहिलेली रक्कम दुसऱ्या रंगाने लिहा आणि महिन्याच्या शेवटी ते पान व्यवस्थापकासमोर उघडा.